कौल उजवा, तारीख पुढची

काकी,
मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, वय 43, लग्न केलेलं नाही. नाव छापू नका. आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत, आजोबांच्या वेळेपासून. घर आणि भोवतालची जागा मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारे) म्हणून विकत मिळावी यासाठी आईनं 2011 साली मामलेदाराकडे अर्ज केला. त्याआधी तिनं गावच्या सातेरी देवीकडे प्रसाद लावून कौल मागितला होता, तो उजवा झाला. ‘देवीनं दिलंय म्हणजे दिलंय’ म्हणत ती चौदा वर्षं तारखांना जात राहिली. प्रत्येक तारखेची चिठ्ठी आणि आदल्या दिवशीच्या प्रसादाचं फूल ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. गेल्या श्रावणात ती गेली. केस आहे तिथंच आहे.
आता भाटकाराचा मुलगा म्हणतो, 150 चौरस मीटरांवर तडजोड करा, महिन्याभरात कागद करून देतो. दुबईतला भाऊ म्हणतो, कौल झालाय, तडजोड म्हणजे देवीवर अविश्वास. मावशी म्हणते, धीर धर, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. छप्पर आमचं आधीच फाटलंय, काकी. देवळात गेले की मला राग येतो. आईनं एवढा विश्वास ठेवून काय मिळवलं? मी आणखी किती थांबायचं? वकील बदलावासा वाटतो, तोही अविश्वासच का?


बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा केस कळली, दुसऱ्यांदा त्या डब्यापाशी अडकले, आणि तिसऱ्यांदा तुझ्या मावशीच्या छपरावर हसले. हसल्याबद्दल रागावू नकोस. ज्या घरात पावसाळ्यात तीन टोपं मांडून झोपावं लागतं, तिथं असा टोमणा सुचतो म्हणजे माणूस अजून खचलेलं नाही.

आधी रागाचं बोलू. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

1990 च्या ऑगस्टमध्ये माझे यजमान कुवेतमध्ये होते. 2 तारखेला इराकचं सैन्य तिथं शिरलं आणि फोन, पत्रं सगळं बंद पडलं. आमच्या वाड्यावरचेच चारजण तिकडे होते. मला तेव्हा पाच महिने गेलेले. घरी येणारा जो तो एकच वाक्य बोलायचा, ‘सगळं देवाच्या हातात, तू शांत राहा.’ मी शांत राहत होते. जेवत होते, पोथी वाचत होते, आणि रात्री उशीत तोंड खुपसून दात आवळत होते. त्या शांततेत देव कुठेच नव्हता. मी फक्त शहाण्या सुनेसारखी वागत होते.

माझ्या सासूबाईंना तेवढं शहाणपण नव्हतं, देवाची कृपा. एका शुक्रवारी न्हाऊन त्या ओल्या केसांनी देवळात गेल्या, मी पाठोपाठ. देवीसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि देवळात कधी ऐकला नाही अशा आवाजात म्हणाल्या, ‘म्हजो पूत खंय आसा तें तुका खबर आसा. आनी तूं हांगा फुलां माळून बसल्या? तुका कांय पडिल्लें ना?’ (माझा मुलगा कुठे आहे ते तुला ठाऊक, आणि तू इथं फुलं माळून बसलीस? तुला काहीच पडलेलं नाही?) भटजी गर्भागारातून वाकून बघायला लागले. मी लाजेनं खांबाआड. सासूबाई पाच-सात मिनिटं बोलत होत्या. मुलाच्या लहानपणच्या तापापासून देवीला घातलेल्या नऊवारीपर्यंत सगळा हिशेब त्यांनी काढला. मग डोळे पुसले, तीर्थ घेतलं, आणि घरी येऊन माशांचं हुमण करायला बसल्या. मी विचारलं, ‘आता?’ तर म्हणाल्या, ‘हांवें सांगलां. आतां तिचें ती पळयतली.’ मी सांगितलं, आता तिचं ती बघेल. त्या रात्री कुवेतनंतर पहिल्यांदा त्या घोरल्या.

याला आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणतात. पेडण्यात, सत्तरीत अजूनही गावचा मानकरी देवासमोर उभा राहून गावाची दुखणी मोठ्यानं सांगतो आणि लोक एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हणतात. शब्द बघ. त्याला आपण मागणं म्हणत नाही, स्तुती म्हणत नाही. गाऱ्हाणं म्हणजे सरळ तक्रार. आपल्या वाडवडिलांनी देवाशी बोलायची जी रीत घालून दिली, तिचं नावच तक्रार आहे, आणि तू मात्र देवळात राग येतो म्हणून बिचकतेस. ज्याच्यावर विश्वासच उरला नाही त्याच्याकडे कोणी तक्रार घेऊन जात नाही, त्याच्या दारावरून नुसतं निघून जातं. तू अजून रागावतेस, मला पत्र लिहितेस, आईनं काय मिळवलं म्हणून विचारतेस. हे देवीलाच विचार. मी मधली कोण?

इथं एक गोष्ट लपवली तर खोटं होईल. माझे यजमान ऑक्टोबरात परत आले. अम्मानहून मुंबईला विमानांमागून विमानं सुटत होती, त्या खेपांत लाखाहून जास्त भारतीय परतले, त्यातले ते एक. पण म्हणून सासूबाईंचं गाऱ्हाणं ‘लागलं’ असं मी कधी म्हटलं नाही. आमच्याच शेजारणीचा मुलगा पुढे काही वर्षांनी बोटीवरून परतला नाही. ती बाई माझ्याहून जास्त उपास करायची. देवावर भरवसा ठेवला की पदरात पडतंच, असं सांगणाऱ्यांना मी त्या बाईच्या अंगणात पाच मिनिटं बसवीन. ती आजही संध्याकाळी तुळशीकडे पणती लावते. का, ते मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, ‘काळोखात बसूं?’

आता कौलाकडे येऊ, कारण तुझा भाऊ त्यावर अडून बसलाय.

प्रसाद लावताना काय करतात ते तू पाहिलेलं आहेस. मूर्तीला पाण्यानं ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवी आधी सुटली तर काम होणार, डावी सुटली तर नाही. कधी कधी अर्धा-पाऊण तास एकही पाकळी हलत नाही. (देवळातली ती शांतता मला कौलापेक्षाही मोठी वाटत आलीय. मोबाईल असलेली माणसंसुद्धा हात जोडून एका पाकळीकडे बघत असतात.) म्हणजे हा सगळा हो-नाहीचा कारभार. तुझ्या आईनं देवीला काय विचारलं असेल? माझा अंदाज, ‘घर आमच्या नावावर होईल ना?’ एवढंच. देवी हो म्हणाली. ‘कधी’ हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ‘किती मीटर’ हे तर नाहीच. आणि कोणता वकील ठेवू, तडजोड करू की नको, यातलं काही त्या पाकळीवर लिहिलेलं नव्हतं. तुझा भाऊ दुबईत बसून त्या पाकळीवर स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहितोय. त्याला माझा नमस्कार सांग, आणि पुढच्या तारखेला रजा काढून ये म्हणावं. भाऊ श्रद्धाळू असल्याचं तुला फोनवर कळतंय. मामलेदाराला तो एकदा दिसायला हवा.

पुंडलिकाची आणि विटेची गोष्ट मी तुला सांगणार नाही, ती तुला मावशीनं सांगितलीच असेल. मी तुला अंत्रूजाची, म्हणजे आपल्या फोंडा महालाची सांगते, तुझ्या घरापासून फार लांबची नाही.

मंगेशीला तू कितीदा गेली असशील. तो देव मूळचा तिथला नव्हे. 1560 साली पोर्तुगीजांच्या धास्तीनं भक्तांनी त्याला कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी ओलांडून प्रियोळला आणलं. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आपलं गाव, आपली जमीन, आपलं तळं मागे टाकून परक्या जागेत येऊन राहिले सगळे. थोडं धिटाईनं बोलते, देवानं क्षमा करावी, पण अंत्रूजात देव आला तो मुंडकारासारखाच आला. मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळाला तो पेशव्यांकडून, 1739 मध्ये. मोज बघू किती वर्षं होतात. 179. तुमची चौदा कमी आहेत असं मी म्हणत नाही. माणसाचं आयुष्य देवाएवढं नसतं, आणि तुझ्या आईचं तर त्या चौदांत संपलं. मला सांगायचंय ते पुढचं. तो इनाम आभाळातून पडला नाही. पेशव्यांच्या पदरी रामचंद्र मल्हार सुखठणकर म्हणून सरदार होते, मंगेशाचे भक्त. त्यांनी शब्द टाकला, म्हणून मिळाला. देवालासुद्धा त्याच्या जागेसाठी कोणीतरी बोलणारं लागलं, बाय. तुला वकील बदलावासा वाटला तर त्यात पाप ते कसलं?

पण बदलण्याआधी एक कर. मामलेदाराच्या कचेरीत जा आणि केसच्या रोजनाम्याची नक्कल मागून घे. चौदा वर्षांत कोणत्या तारखेला काय झालं, कोण गैरहजर होतं, कोणी मुदत मागितली, सगळं त्यात ओळीनं असतं. आमच्या एका नातेवाइकांच्या केसमध्ये नक्कल काढल्यावर कळलं, की अर्ध्याअधिक तारखा आमच्याच वकिलांनी पुढे ढकलून घेतल्या होत्या. आम्ही इतकी वर्षं भाटकाराला आणि नशिबाला शिव्या देत होतो. तुझ्या आईच्या डब्यातल्या चिठ्ठ्या आणि रोजनामा शेजारी शेजारी ठेव. तुझा वकील कसा आहे ते मी सांगायची गरज उरणार नाही.

दुसरं, आणि हे लगेच. अर्ज आईच्या नावावर होता आणि आई गेली. वारस म्हणून तुझं आणि भावाचं नाव केसमध्ये लावून घेतलंय का? तू पत्रात कुठं लिहिलेलं नाहीस, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. ते राहिलं तर चौदा वर्षांची केस तेवढ्यावर पडू शकते. मृत्यूचा दाखला घे, वारसांचा अर्ज दे. आपल्याकडे घरादाराच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचीही सही लागते, तेव्हा वहिनीला आधीच कळव, मागाहून रुसवे नकोत. नव्या वकिलाचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्यानं बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो. नाइलाज म्हणून जायची ती जागा नव्हे. तुझा हक्क आहे तो.

आईनं काय मिळवलं, हे तू फार कडवटपणे विचारलंस, म्हणून त्याला बगल देत नाही. कागद मिळाला नाही. पण 1975 चा मुंडकार कायदा घरातून हुसकावण्याविरुद्धचा आहे, आणि तुझी आई प्रत्येक तारखेला त्या बाकावर जाऊन बसली म्हणून तिला कोणी हलवू शकलं नाही. तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं ती त्याच घरात गेली असेल, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर. हॉस्पिटलात गेली असेल तर माझं चुकलं. ती नुसती देवीवर हवाला ठेवून घरी बसली नव्हती. आदल्या दिवशी प्रसाद, दुसऱ्या दिवशी बस. चौदा वर्षं. विश्वास म्हणजे काय ते तिला पुस्तकातून माहीत नसेल, पण बसचं तिकीट तिनं काढलं.

तुझ्याकडून मी तेच मागते. फक्त तिच्यासारखं मुकाट्यानं नको. तिचा स्वभाव मुका असेल, तुझा नाही हे पत्रावरून दिसतंय.

तडजोडीचं माझं मत असं. देवी आड येत नाही. तिच्या नावानं ‘नाही’ म्हणू नकोस आणि तिच्या नावानं ‘हो’ही म्हणू नकोस. पण 150 मीटर मला कमी वाटतात. पंचायत हद्दीत मुंडकाराला घराखालची धरून 300 चौरस मीटरपर्यंत जागा मागता येते, ते नीट वकिलाकडून समजून घे. समोरचा अर्ध्यावर बोलतोय, आणि ‘महिन्याभरात’ म्हणतोय. चौदा वर्षं ज्यांना घाई नव्हती त्यांना आईचं वर्षश्राद्ध होण्याआधी घाई सुटली, तेव्हा मी तरी मोजपट्टी काढीन. खरंच काढ. भावाला फोनवर ठेव, हवं तर व्हिडिओ कॉल कर, आणि 150 मीटर अंगणात चुना टाकून आख. त्यात विहीर येते का बघ. बांधावरून रस्त्याला जायची वाट येते का. न्हाणीघराचं पाणी जातं तो पाट येतो का. आईची तुळस येते का. तुळस रेषेबाहेर राहत असेल तर ती रेषा मान्य करू नकोस. तुळस हलवता येते हे मला माहीत आहे, तरी नको. बाकीचं सगळं येत असेल आणि समोरचा 200-225 पर्यंत चढत असेल, वाटेचा हक्क कागदावर देत असेल, तर मी तुझ्या जागी असते तर घेतलं असतं, आणि देवीला जाऊन सांगितलं असतं, ‘आई, तूं म्हटलेलं झालं.’ तुझा भाऊ याला पळवाट म्हणेल. म्हणू दे.

आणि यातलं काही जमलं नाही, केस आणखी चार वर्षं चालली, तर? चालू शकते. तेव्हा मावशीचं ‘धीर धर’ तुला परत ऐकावं लागेल. धीर धर म्हणणाऱ्या माणसांशी माझं भांडण नाही, एवढंच, की धीर कशाला धरायचा ते ती सांगत नाहीत. माझी ख्रिश्चन शेजारीण नोव्हेना करते, नऊ दिवसांची प्रार्थना. तिची मुलगी पाच वर्षं नोकरीला लागत नव्हती. नववा दिवस संपला की ती दहाव्याला म्हणायची, ‘आज परत पयलो.’ आणि मुलीचा अर्ज टाईप करायला सायबरवाल्याकडे निघायची. तिला मी कधी रडताना पाहिलं नाही असं नाही. पण नऊच्या पुढचा आकडा तिनं मोजला नाही. मला त्यातलं एवढं घेता आलं, की एका वेळी एक तारीख. पुढच्या चार वर्षांचा धीर तुझ्याकडे आज कुठून असणार? माझ्याकडेही नव्हता. सासूबाईंकडे तो एका शुक्रवारपुरता होता.

तेव्हा या शुक्रवारी जा. प्रसाद लावू नकोस, एकदा लावलेला आहे, देवीला दोनदा विचारून तिची परीक्षा घेऊ नये. नारळ नेऊ नकोस, नवस बोलू नकोस. आईचा डबा घेऊन जा. भटजींना थोडा वेळ बाजूला बसायला सांग, गावातले आहेत, समजतील. डबा देवीसमोर उघड आणि तारखा वाच, मोठ्यानं, पहिल्या चिठ्ठीपासून. 2011 ची पहिली तारीख, त्याबरोबरचं फूल. मग पुढची. आई त्या दिवशी किती वाजता घरातून निघाली होती, कोणती साडी नेसली होती, परत आल्यावर काय बोलली होती, आठवेल ते सांग. शेवटची चिठ्ठी वाचून झाल्यावर आई गेली हेही सांग. देवीला माहीत असेलच, पण तू अजून तिला सांगितलेलं नाहीस. आवाज चढला तर चढू दे. सुकलेली फुलं निर्माल्यात टाकायची की डब्यातच ठेवायची, ते तिथंच उभी राहून ठरव.

चिठ्ठ्या मात्र टाकू नकोस. त्या रोजनाम्याशी ताडून बघायच्या आहेत, आणि कचेरी एक वाजता जेवायला उठते, तेव्हा देवळात सकाळीच जा.

तुझी,
काकी